बिल खरोखर छापले गेले का? प्रोग्रामला हे विचारायला शिकताना गेलेले साडेचार महिने

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टॉवेल आणि चादरी तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या कार्यालयात मी गेली अकरा वर्षे हिशेब आणि माल रवानगीची कागदपत्रे पाहते. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे आहे. प्रोग्रामिंग मी नोकरी सांभाळून, रात्री घरी बसून शिकले. आमच्या कारखान्यात बिले तयार करणारा छोटा प्रोग्राम मीच पायथन या संगणकीय भाषेत लिहिलेला आहे. छपाईला पाठवलेल्या कामाचे पुढे काय झाले हे या प्रोग्रामला कळावे, एवढ्या एका गोष्टीसाठी मला जे करावे लागले ते तारखांसह येथे लिहीत आहे, कारण मी शोध सुरू केला तेव्हा मराठीत याबद्दल काहीही सापडले नव्हते आणि पहिले काही आठवडे मी केवळ चाचपडत होते.

सोमवार, १८ नोव्हेंबर २०२४ रोजी संध्याकाळी पाच बिलांचा माल एकाच टेंपोतून ट्रान्सपोर्टच्या गोदामात गेला. मालाच्या बिलाच्या तीन प्रती काढाव्या लागतात: मूळ प्रत खरेदीदारासाठी, दुसरी वाहतूकदारासाठी आणि तिसरी आपल्याकडे ठेवण्यासाठी. तिसऱ्या बिलाच्या मध्यावर लेझर प्रिंटरमधील कागद संपला. नंतर कोणीतरी कागद भरला, पण तोवर कोणीतरी यंत्र बंद करून पुन्हा चालू केले होते आणि त्या बिलाची वाहतूकदाराची प्रत निघालीच नाही. रवानगी पाहणाऱ्या मामांनी संगणकाच्या पडद्याकडे पाहिले, पाचही बिलांसमोर हिरव्या अक्षरांत ‘छापले’ असे होते, आणि त्यांनी विश्वासाने फाइल बांधली. गोदामात कागद मोजले गेले तेव्हा एक प्रत कमी निघाली. त्या बिलाच्या गाठी उतरवून घ्यायला नकार मिळाला, रात्री साडेनऊला टेंपो त्या गाठींसह परत आला, जादा भाड्याचे १,४०० रुपये द्यावे लागले आणि माल एक दिवस उशिरा निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा, म्हणजे आमचे मालक, माझ्या टेबलाजवळ आले. ते रागावले नव्हते. त्यांनी एवढेच विचारले, “ताई, कॉम्प्युटर छापलं म्हणतोय, मग कागद कुठं गेला?” या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते, आणि प्रोग्राम माझाच असल्यामुळे ते मला फार लागले. मी प्रोग्राम उघडून पाहिला. बिलाची पीडीएफ तयार करून ती छपाईसाठी विंडोजच्या हवाली केली की पुढच्याच ओळीत मी ‘छापले’ अशी नोंद करत होते. मामा ज्या शब्दावर विसंबले होते त्याला कोणत्याही तपासणीचा आधार नव्हता.

२० नोव्हेंबरला विधानसभेच्या मतदानाची सुट्टी होती. मतदान करून आल्यावर मी दिवसभर विंडोजची छपाईची व्यवस्था समजून घेत बसले. आपण छापण्याची आज्ञा देतो तेव्हा मजकूर थेट प्रिंटरकडे जात नाही. तो आधी स्पूलर नावाच्या सेवेकडे जातो आणि ती सेवा विंडोजच्या फोल्डरमधील सिस्टिम३२, त्यातील स्पूल, त्यातील प्रिंटर्स या फोल्डरमध्ये प्रत्येक कामासाठी साधारणपणे दोन फायली तयार करते: एसपीएल या फायलीत छापायचा मजकूर असतो आणि एसएचडी या फायलीत कामाचे तपशील असतात. स्पूलर प्रत्येक कामाला एक क्रमांक देतो आणि रांगेत लावतो. आपल्या प्रोग्रामला स्थिती विचारायची असेल तर ती या रांगेला, त्या क्रमांकाने विचारावी लागते. माझी पहिली अडचण येथेच होती, कारण माझ्याकडे क्रमांकच नव्हता. मी पीडीएफ ‘उघड आणि छाप’ अशा आज्ञेने पीडीएफ वाचणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामकडे सोपवत होते. काम त्याने रांगेत टाकले, क्रमांक त्याला मिळाला, मला नाही.

याच सुमारास मी एक चुकीचा रस्ताही धरला होता. दोष प्रिंटरमध्येच असावा असे समजून २१ नोव्हेंबरला मी सेवा केंद्राकडे तक्रार नोंदवली. तंत्रज्ञ अकरा दिवसांनी, २ डिसेंबरला आले. वॉरंटी संपलेली असल्याने भेटीचे ६०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे ७०८ रुपये भरले. प्रिंटरमध्ये दोष नव्हता. त्या भेटीतून एक गोष्ट मात्र उपयोगाची मिळाली: त्यांनी प्रिंटरच्या पॅनेलवरून माहितीचे पान छापून दाखवले. त्यावर यंत्राचा नेटवर्क पत्ता, ते कोणकोणत्या पद्धतींनी संवाद करू शकते याची यादी आणि आजवर छापलेल्या पानांचा एकूण आकडा होता. कोणालाही हे काम हाती घ्यायचे असेल तर हे पान पहिल्याच दिवशी छापून घ्यावे. मी ते आधी पाहिले असते तर माझा महिनाभराचा शोध कमी झाला असता.

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मी पायविन३२ हा, पायथनमधून विंडोजच्या आतल्या सोयी वापरू देणारा संच बसवला. त्यातील विन३२प्रिंट या भागात एनमजॉब्स या आज्ञेने रांगेतील सर्व कामांची यादी मिळते आणि गेटजॉबने एका क्रमांकाच्या कामाची माहिती मिळते. ज्यांचा प्रोग्राम स्टार्टडॉकप्रिंटर वापरून स्वतःच काम पाठवतो त्यांना क्रमांक परत मिळतो, आणि त्यांनी तो आपल्या नोंदीत वेळेसह लिहून ठेवावा. वेळ आवश्यक आहे, कारण स्पूलर सेवा बंद करून पुन्हा सुरू केल्यावर आमच्या यंत्रावर क्रमांक पुन्हा लहान आकड्यांपासून सुरू झाले. माझ्याप्रमाणे पीडीएफ दुसऱ्या प्रोग्रामकडून छापून घेणाऱ्यांना कामाच्या नावावरून ओळख पटवावी लागते. आमच्याकडे कामाचे नाव म्हणून फायलीचेच नाव रांगेत दिसत असे, म्हणून मी प्रत्येक पीडीएफला बिलाचा क्रमांक हेच नाव देऊ लागले. आमच्या बिल क्रमांकात तिरकी रेघ असते आणि विंडोजमध्ये फायलीच्या नावात ती चालत नाही, तेव्हा तिच्या जागी जोडरेघ घातली.

कामाची स्थिती एका आकड्याच्या रूपात मिळते आणि हा आकडा वाचताना मी चार दिवस घालवले. कागदपत्रांत ‘छपाई सुरू’ म्हणजे १६, ‘त्रुटी’ म्हणजे २, ‘कागद संपला’ म्हणजे ६४ आणि ‘छापले’ म्हणजे १२८ असे दिले आहे. मी स्थिती १६ आहे का, २ आहे का असे एकेक ताडून पाहत होते आणि प्रोग्राम दर वेळी ‘अज्ञात’ म्हणत होता, कारण प्रत्यक्षात येणारा आकडा १८ होता. हे आकडे म्हणजे स्वतंत्र उत्तरे नव्हेत, ते एकमेकांत मिसळता येणारे खुणेचे अंश आहेत: १८ म्हणजे छपाई सुरू असताना त्रुटी आली आहे, ८० म्हणजे छपाई सुरू असताना कागद संपला आहे. म्हणून बरोबरीचे चिन्ह न वापरता प्रत्येक खूण त्या आकड्यात आहे का, हे ‘आणि’ या द्विमान क्रियेने तपासावे लागते. हे समजल्यावर प्रोग्रामच्या सहा ओळी बदलल्या आणि ‘अज्ञात’ हा शब्द नाहीसा झाला. याशिवाय त्याच माहितीत स्थितीचा एक मजकूरही असू शकतो; तो रिकामा नसेल तर आकड्याआधी तो वाचावा.

तरीही एक-दोन पानांची बिले प्रोग्रामला दिसतच नव्हती. मी दर पाच सेकंदांनी रांग पाहत होते आणि एवढ्या वेळात लहान काम रांगेत येऊन निघूनही जात होते. काम पूर्ण झाले की स्पूलर ते रांगेतून काढून टाकतो, त्यामुळे रांगेत नसण्याचा अर्थ पूर्ण झाले, कोणीतरी रद्द केले किंवा कधी आलेच नाही, यांपैकी काहीही असू शकतो. यावर प्रिंटरच्या गुणधर्मांत ‘छापलेले दस्तऐवज ठेवा’ असा पर्याय मिळाला आणि मी तो लावला. आता कामे रांगेत राहू लागली आणि त्यांची स्थिती ८३२० येऊ लागली, म्हणजे १२८ ‘छापले’ आणि ८१९२ ‘राखून ठेवले’. मला वाटले की काम झाले. पण नवव्या दिवशी एका सहकाऱ्याकडून रांगेतील जुन्या कामांवर ‘पुन्हा सुरू करा’ दाबले गेले आणि आधीच्या आठवड्याची बिले पुन्हा निघू लागली. जुन्या बिलाची दुसरी मूळ प्रत कार्यालयात फिरणे हे हिशेबाच्या दृष्टीने हरवलेल्या प्रतीइतकेच वाईट आहे. त्या सर्व प्रती मोजून, त्यांवर ‘रद्द’ लिहून मी त्या फाडल्या आणि पर्याय त्याच दिवशी काढून टाकला.

त्याऐवजी विंडोजच्या घटना नोंदवहीचा उपयोग झाला. तिच्यात प्रिंटसर्व्हिस या नावाखाली ऑपरेशनल अशी एक नोंदवही असते. ती मुळात बंद असते, ती चालू करावी लागते. चालू केल्यावर प्रत्येक छापलेल्या कामाची ३०७ क्रमांकाची नोंद होते आणि तीत वापरकर्ता, प्रिंटर, पोर्ट (म्हणजे मजकूर प्रिंटरकडे जाण्याचे द्वार), आकारमान आणि पानांची संख्या मिळते. आमच्याकडे त्या नोंदीत दस्तऐवजाचे नाव मात्र सरसकट ‘प्रिंट डॉक्युमेंट’ असेच येत होते. नाव हवे असेल तर विंडोजच्या गट धोरणांत (ग्रुप पॉलिसी) घटना नोंदींमध्ये कामाचे नाव लिहू देण्याचे धोरण चालू करावे लागते. हे धोरण शोधायला मला दोन संध्याकाळी लागल्या, म्हणून येथे मुद्दाम लिहिले.

आता मूळ प्रश्नाकडे येते. २३ डिसेंबरला, सगळे जेवायला गेले असताना, मी लेझर प्रिंटरचा कागदाचा ट्रे पूर्ण रिकामा केला आणि एका पानाचे बिल पाठवले. रांग काही क्षणांत रिकामी झाली. घटना नोंदवहीत ३०७ ची नोंद आली, पाने १. समोर प्रिंटरचा दिवा कागद मागत लुकलुकत होता आणि विंडोजच्या दृष्टीने बिल छापून झालेले होते. मी तो प्रयोग चार वेळा केला आणि चारही वेळा तेच घडले. त्या दुपारी मला १८ नोव्हेंबरची संध्याकाळ पूर्णपणे कळली. आमचा प्रिंटर ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर सरळ मजकूर स्वीकारत होता. लहान बिल त्याच्या स्मृतीत सहज मावते, मजकूर पोचला की स्पूलरची जबाबदारी संपते, आणि नंतर यंत्र बंद केले तर स्मृतीतील मजकूर जातो. मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांत ‘पूर्ण’ या ४०९६ च्या खुणेचा अर्थही असाच दिला आहे, की काम प्रिंटरकडे पाठवले आहे, पण ते अजून छापले गेले नसेलही. मी ते वाक्य आधी वाचले होते आणि त्याचा अर्थ माझ्या ध्यानात आला नव्हता. प्रोग्रामने प्रिंटरकडे सोपवले, स्पूलरने पोर्टकडे सोपवले, असे प्रत्येक जण आपल्यापुरते खरेच सांगत होता. कागद बाहेर आल्याचे मात्र त्यांपैकी कोणालाच माहीत नव्हते. तेव्हा विचारायचे तर प्रिंटरलाच विचारले पाहिजे, हे त्या दिवशी पक्के झाले.

नेटवर्कवरील प्रिंटरला विचारण्याची एक जुनी पद्धत एसएनएमपी ही आहे. तिच्याद्वारे यंत्राचा आयुष्यभराच्या पानांचा आकडा आणि कागद संपणे, झाकण उघडे असणे, कागद अडकणे अशा अडचणींच्या खुणा वाचता येतात. बिल पाठवण्याआधी आणि नंतर पानांचा आकडा वाचून फरक तीन आला की तीन प्रती निघाल्या, असा माझा हिशेब होता, आणि तो आठवडाभर नीट चालला. पण आमच्या यंत्रावर झेरॉक्सही काढली जाते आणि तिची पाने त्याच आकड्यात मिळतात. ज्यांचा प्रिंटर फक्त बिलांसाठी आहे त्यांना ही पद्धत पुरेल. आमच्याकडे ती आधाराला ठेवली, मुख्य साक्षीदार म्हणून नाही.

माहितीच्या पानावरील यादीत आयपीपी ही तीन अक्षरे होती. ही इंटरनेट छपाईची प्रमाणित पद्धत आहे. ती ६३१ क्रमांकाच्या पोर्टवर चालते आणि तिच्यात प्रिंटर स्वतःच प्रत्येक कामाची स्थिती सांगतो. विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या लिनक्स या प्रणालीवरील कप्स ही छपाईव्यवस्था याच पद्धतीवर उभी आहे. अण्णांची परवानगी घेऊन मी नवी पेठेतील एका दुकानातून ६,८०० रुपयांना एक जुना संगणक घेतला. स्विच आणि केबलला ९५० रुपये लागले. रविवारी, १२ जानेवारी २०२५ रोजी, माझा अभियांत्रिकी शिकणारा भाचा मदतीला आला. गड्ड्याच्या यात्रेचे दिवस होते, नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे पुढचे दोन-तीन दिवस शहरातून ये-जा करणे अवघड जाणार होते, म्हणून कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा घेऊन आम्ही सकाळीच कारखान्यात जाऊन बसलो. लिनक्स बसवून, कप्समध्ये प्रिंटर आयपीपीने जोडून दुपारी तीनपर्यंत पहिले पान निघाले.

आता आमचा बिलिंगचा प्रोग्राम पीडीएफ या संगणकाकडे पाठवतो. तेथील एक छोटा पायथन प्रोग्राम पायकप्स या, पायथन आणि कप्स यांना जोडणाऱ्या संचाच्या साहाय्याने ती कप्सला देतो आणि मिळालेला कामाचा क्रमांक लगेच परत कळवतो. नाव जुळवण्याची गरज छपाईपुरती उरली नाही. येथे स्थितीचे आकडे स्वतंत्र आहेत, एकमेकांत मिसळत नाहीत: ३ म्हणजे प्रतीक्षेत, ४ म्हणजे रोखून धरलेले, ५ म्हणजे चालू, ६ म्हणजे थांबलेले, ७ म्हणजे रद्द, ८ म्हणजे मध्येच सोडून दिलेले आणि ९ म्हणजे पूर्ण. मी ट्रे पुन्हा रिकामा करून तोच प्रयोग केला. आकडा ५ वर थांबला. दहा मिनिटे गेली तरी तो ५ च राहिला. भाच्याने कागद भरला, तीन प्रती बाहेर आल्या आणि त्यानंतरच पडद्यावर ९ उमटला. दोन महिन्यांत मला प्रथमच त्या पडद्यावर भरवसा ठेवता आला, आणि मी थोडा वेळ काहीच न बोलता त्या आकड्याकडे पाहत राहिले.

येथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. कागद संपल्यावर कामाची स्थिती आमच्याकडे ‘चालू’ अशीच राहते. कारण कळण्यासाठी प्रिंटरच्या स्थितीची कारणे वेगळी वाचावी लागतात, आणि तेथे कागद संपल्याचे लिहिलेले असते. एखादे काम दोन मिनिटांहून अधिक ५ वर राहिले तर प्रोग्राम ती कारणे वाचून मामांच्या पडद्यावर मराठीत दाखवतो. दुसरी गोष्ट अशी की कप्स मुळात शेवटची ५०० कामेच स्मरणात ठेवतो, म्हणून निकाल लागताच तो आपल्या नोंदीत उतरवून घ्यावा. वीज जाऊन आल्यावर हा संगणक आपोआप सुरू होत नव्हता. त्याच्या बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, वीज परत येताच सुरू होण्याचा पर्याय लावला, तेव्हा तोही प्रश्न मिटला.

चलने मात्र डॉट मॅट्रिक्स यंत्रावर, दुहेरी सलग कागदावर निघतात. ते यंत्र यूएसबीने जोडलेले आहे आणि आहे त्या जोडणीत पान पूर्ण निघाले का हे ते आम्हाला सांगत नाही. त्यासाठी मी मामांसमोर बसले. एकच ‘छापले’ काढून चार शब्द ठेवायचे ठरले: ‘पाठवले’, ‘रांगेत’, ‘यंत्राने पूर्ण केले’ आणि ‘हातात मिळाले’. शेवटचा शब्द माणसाने प्रती मोजून बटण दाबल्यावरच येतो, आणि तो आल्याशिवाय गेटपास निघत नाही. मामांना सुरुवातीला हे वाढीव काम वाटले. “घाईच्या वेळी हे बटण कोण दाबत बसणार, ताई?” असे त्यांनी विचारले आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते, कारण संध्याकाळी पाच ते सात या वेळात त्यांच्यासमोर तीन-तीन टेंपो उभे असतात. म्हणून प्रत्येक बिलाला वेगळे बटण न ठेवता एका टेंपोच्या सर्व कागदांसाठी एकच बटण केले आणि त्यावर अपेक्षित प्रतींचा आकडा मोठ्या अक्षरांत दाखवला. २७ जानेवारी ते १५ फेब्रुवारी या काळात मामांनी वहीतही समांतर नोंद ठेवली. या काळात तीन वेळा यंत्र आणि वही यांत फरक आला. तिन्ही वेळा चलनाचा दुसरा कागद कोरा निघाला होता आणि तो मामांनीच पकडला.

एकूण खर्च टेंपोचे जादा भाडे धरून ९,८५८ रुपये झाला. वेळेचा हिशेब मी ठेवला नाही, परंतु नोव्हेंबर ते फेब्रुवारीतील बहुतेक संध्याकाळी यातच गेल्या.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आणखी एक त्रुटी वेळीच ध्यानात आली. बिलाचा क्रमांक एका आर्थिक वर्षापुरता अद्वितीय असावा लागतो, आणि आमच्याकडे तो १ एप्रिलपासून पुन्हा १ ने सुरू होतो. फायलींची नावे आणि स्थितीच्या नोंदी बिल क्रमांकावर बांधलेल्या असल्यामुळे नव्या वर्षाच्या पहिल्या बिलाला गेल्या वर्षीच्या पहिल्या बिलाचा ‘हातात मिळाले’ हा शेरा आपोआप लागला असता आणि कागद न निघताच गेटपास निघाला असता. २९ मार्चला मी नावात आणि नोंदीत आर्थिक वर्ष जोडले. १ एप्रिल २०२५ रोजी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी पहिले बिल पाठवले तेव्हा त्यासमोर ‘पाठवले’ एवढेच दिसत होते. मामा प्रिंटरजवळ उभे राहून तीन प्रती मोजत होते.